हद्द कुणाची, हा प्रश्न नंतरचा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

सार्वत्रिक अधिकारक्षेत्रावर, म्हणजे युद्धगुन्हे, छळ अशा भयंकर गुन्ह्यांचा खटला ते कुठेही घडले असले तरी कुठल्याही देशाच्या न्यायालयाने चालवावा या तत्त्वावर, आपल्या स्तंभात सध्या वाचकांची पत्रं येत आहेत. ‘दुसऱ्या देशात घडलेल्या गुन्ह्याचा न्याय करणारे हे कोण?’ असा बहुतेकांचा सूर आहे. नागपूरच्या न्यायालयात माझी ३१ वर्षं नोकरी झाली. ‘हद्द’ हा शब्द मी रोज ऐकला आहे, म्हणूनच हा सूर मला पटत नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्या मेव्हण्यांना शहराबाहेर एका नाल्याच्या पुलावर ट्रकने उडवलं. त्यांचा मुलगा रात्रीच ठाण्यात गेला. तिथे पहिला प्रश्न आला, गाडी पुलाच्या कुठल्या टोकाला पडली? अलीकडचं टोक त्यांचं, पलीकडचं शेजारच्या ठाण्याचं. पोरगा मोबाइलच्या उजेडात परत पुलावर गेला आणि हेडलाइटच्या काचा कुठे सांडल्या आहेत ते बघून आला. गुन्हा तिसऱ्या दिवशी नोंदला गेला. ट्रक कधीच सापडला नाही.

१ जुलै २०२४ पासून झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणारा गुन्हा, कायद्यातच आला, तो अशाच माणसांसाठी. पण तो पुढे योग्य ठाण्याकडे पाठवता येतो. जिथे ठाणेदारच आरोपी आहे, तिथे कुणाकडे पाठवायचा? अन्वर रस्लान हा सीरियातल्या दमास्कसच्या एका सरकारी कोठडीतला चौकशीप्रमुख. त्याच्या हाताखाली छळ सोसलेल्यांनी सीरियात दाद मागायची कुठे? जर्मनीतल्या कोब्लेंझच्या न्यायालयाने १३ जानेवारी २०२२ रोजी त्याला जन्मठेप दिली. कोठडीत भोगलेली माणसं तिथे साक्षीला उभी राहिली.

विरोधकांचा एक मुद्दा मात्र खरा आहे. हा अधिकार दुबळ्या देशांवर चालतो, बलवानांपुढे नमतो. बेल्जियमने परदेशातल्या अशा गुन्ह्यांवर खटले चालवू देणारा आपला कायदा २००३ मध्ये अमेरिकेच्या दबावाखाली आवरता घेतला. चिलीचा माजी हुकूमशहा पिनोशे याला १९९८ मध्ये लंडनमध्ये अटक झाली, पण प्रकृतीच्या कारणावरून २००० मध्ये तो चिलीला परतला. याची चीड मलाही येते. म्हणून तत्त्वच टाकून द्यायचं का? चाडचा हुकूमशहा हिसेन हाब्रे याला २०१६ मध्ये जन्मठेप झाली ती सेनेगलमध्ये, आफ्रिकी महासंघाच्या सहकार्याने उभारलेल्या न्यायालयात. त्याला ‘गोऱ्यांची दादागिरी’ कसं म्हणणार?

आणि आपण तरी काय केलं? मार्च २०२४ मध्ये नौदलाने ३५ सोमाली चाचे पकडून मुंबईला आणले. जहाजावर झेंडा माल्टाचा, ओलीस खलाशांत भारतीय एकही नाही, तरी गुन्हा मुंबईत नोंदवला गेला, आणि ते योग्यच झालं. समुद्रावरच्या लुटारूंसाठी हद्द आड येत नाही, मग हजारोंच्या कत्तलीसाठी का यावी?

आपल्या १९६० च्या जिनिव्हा करार कायद्यात भारताबाहेर, कुणीही केलेल्या गंभीर युद्धगुन्ह्यांना शिक्षा लिहिलेली आहे. पण सरकारने तक्रार केल्याशिवाय न्यायालयाला दखलच घेता येत नाही. म्हणजे कुलूप न्यायालयाचं आणि किल्ली मंत्रालयात! वंशसंहारविरोधी करार आपण १९५९ मध्ये मान्य केला, तरी तो गुन्हा म्हणून देशाच्या कायद्यात आजही नाही. डिसेंबर २०१८ मध्ये, १९८४ च्या शीखविरोधी हत्याकांडाच्या खटल्यात, दिल्ली उच्च न्यायालयाने ही उणीव तातडीने भरून काढायला सांगितलं होतं. पाच वर्षांनी भारतीय न्याय संहिता मंजूर झाली. ती उणीव तशीच राहिली. छळविरोधी करारावर १९९७ मध्ये सही केली, मंजुरी अजून बाकी आहे. आपल्याच न्यायालयांना हे गुन्हे तपासता आले, तर आपला माणूस परक्या न्यायालयात उभा करण्याचं कारण उरणार नाही.

विदर्भातल्या खासदारांना माझी विनंती आहे, की संसदेच्या येत्या अधिवेशनात वंशसंहारविरोधी आणि छळविरोधी या दोन्ही करारांबाबत लेखी प्रश्न विचारावा. आणि मिळालेलं उत्तर आपण याच स्तंभात छापावं.

आपला,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी,
धरमपेठ, नागपूर