रोजनिशी लिस्बनमध्ये नव्हे, पोर्तोमध्ये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वास्को द गामाच्या सफरीवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचनीय होता. मात्र, पहिल्या सफरीची रोजनिशी लिस्बनच्या शाही दप्तरात आहे, हे त्यातले विधान चुकीचे आहे. ती पोर्तुगालमधल्याच पोर्तो शहराच्या नगरपालिकेच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहे. शिवाय ती मूळ प्रत नव्हे, सोळाव्या शतकात केलेली नक्कल. लिहिणाऱ्याचे नाव त्यात नाही. ती सफरीतल्या आल्व्हारो वेल्होने लिहिली, हा अभ्यासकांचा तर्क. मी निवृत्त ग्रंथपाल. हस्तलिखिताचा पत्ता चुकलेला मला खपत नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

या ग्रंथालयाचा जन्मच विलक्षण आहे. ब्राझीलचे सम्राटपद सोडून आलेले दॉम पेद्रो मुलीला पोर्तुगालची गादी मिळावी म्हणून सख्ख्या भावाशी लढत होते. पोर्तोला वर्षभर वेढा पडला होता, शहरात उपासमार आणि पटकी. अशा वेळी, ९ जुलै १८३३ रोजी, सार्वजनिक ग्रंथालयाचे फर्मान निघाले! त्याच वेढ्यात शिपाई म्हणून लढलेले अलेक्झांद्रे हेर्कुलानो तिथे ग्रंथपाल झाले. पुढे ते पोर्तुगालचे थोर इतिहासकार म्हणून गाजले.

पुस्तके आली ती मुख्यतः मठांतून. १८३४ मध्ये पुरुष साधूंचे सर्व संघ बरखास्त करून सरकारने त्यांची मालमत्ता ताब्यात घेतली. पोर्तुगालमधल्याच कोइंब्रा शहराच्या सांता क्रूझ मठातली हस्तलिखिते पोर्तोला आली, त्यांतच ही रोजनिशी होती. १८४२ मध्ये तर ग्रंथालयच फ्रान्सिस्कन साधूंच्या रिकाम्या सांतो आंतोनियो मठात हलले. याला ‘ग्रंथ वाचवले’ असे गोड नाव देणे मला पटत नाही. ती सरळसरळ जप्ती होती. पण मठाच्या भिंतीआडची ही रोजनिशी १८३८ मध्ये पोर्तोतच छापून निघाली आणि कोणालाही वाचायला मिळाली, हेही तितकेच खरे. २०१३ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक स्मृतिठेव्याच्या यादीत घेतले.

जाता जाता सांगतो, पणजीचे ग्रंथालय पोर्तोहून एका वर्षाने थोरले, १८३२ चे. बरखास्त मठांची पुस्तके तिथेही आली. गोव्याच्या संदर्भात लिहिताना याचा उल्लेख सहसा कोणी करत नाही.

आपल्या लेखात कालिकतच्या देवळाचा प्रसंग आहे. पोर्तुगीज त्याला चर्च समजले आणि भिंतीवरच्या चार-पाच हातांच्या, दात बाहेर आलेल्या मूर्तींना संत. हा किस्सा आता सगळ्यांना पाठ आहे. त्यापेक्षा कारवारजवळच्या अंजदीव बेटावरची पाने पाहावीत. गलबते डागडुजीला किनाऱ्यावर ओढलेली, आणि रोजनिशीकार बेटाचे वर्णन करतो: पडझड झालेली दगडी वास्तू, त्यातल्या एकाच शाबूत भागावर गवताचे छप्पर, आत पूजेचे तीन काळे दगड, बाजूला घडीव दगडांचे पाण्याचे टाके. त्या वास्तूलाही तो चर्चच म्हणतो. पण दगड त्याने मोजले, टाके नीट पाहिले. आपल्या किनाऱ्याचे १४९८ मधले इतके जवळून केलेले वर्णन सहज मिळणारे नाही.

तेव्हा दुरुस्ती छापावी, ही विनंती. आणि पुढच्या वेळी उतारा देणार असाल, तर अंजदीवचा द्या.

आपला,
एक निवृत्त ग्रंथपाल