तारखांचे नियम एका जागी आणणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार वि. वि.

त्या दिवशी तुमचे आभार मानले ते जिन्यात, उभ्या उभ्या. तुम्हाला वरच्या मजल्यावर मीटिंगला जायचं होतं. म्हणून हे पत्र. ते सगळ्यांना वाचता येईल असं उघड लिहिते आहे, कारण तुम्ही जे दाखवलंत त्याची गरज नियम लिहून मजकुरावर खुणा करणाऱ्या कुणालाही पडेल, आणि प्रत्येकाच्या शेजारी येऊन बसणारी ताई असेलच असं नाही.

ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. डिस्चार्ज समरी, लॅबचे रिपोर्ट आणि ओपीडीच्या चिठ्ठ्या असे कागद आमच्याकडे येतात. मजकूर इंग्रजी, पण लिहिण्याची तऱ्हा पूर्ण आपल्याकडची. त्यातल्या तारखा, औषधं, डोस, निदान हुडकून प्रत्येकावर खूण करायची, म्हणजे रुग्णाच्या आजाराची हकीगत तारीखवार लावता येते. यासाठी आम्ही अपाची युइमा रुटा वापरतो. जर्मनीतल्या वुर्झबुर्ग विद्यापीठात टेक्स्टमार्कर या नावाने वाढलेली ही नियमभाषा 2013 पासून रुटा म्हणून ओळखली जाते. मला ती आवडते ती एका कारणासाठी: डॉक्टरांनी विचारलं की ‘याला तुम्ही डोस का म्हटलंत?’, तर त्यांच्यापुढे नेमका तो नियम ठेवता येतो.

हा प्रकल्प माझ्या हाती आला तेव्हा कागदाच्या प्रत्येक प्रकाराचं वेगळं फोल्डर होतं आणि प्रत्येकात तारखा ओळखणाऱ्या स्क्रिप्टची, म्हणजे नियमांच्या फाइलची, आपापली प्रत. प्रती एकाच मुळापासून निघालेल्या, पण वर्षागणिक फाटे फुटलेले. एकीला सप्टेंबरची चारअक्षरी इंग्रजी आखूड रूपं कळायची, दुसरीला फक्त तीनअक्षरी. हे तरी डोळ्यांना दिसणारं होतं. खरं दुखणं खोल होतं आणि ते तुम्हीच प्रथम बोलून दाखवलंत. रुटामध्ये एखाद्या स्क्रिप्टने नवा टाइप, म्हणजे खुणेचा प्रकार, जाहीर केला की त्याच्या पूर्ण नावात पॅकेजचं (स्क्रिप्ट ज्या फोल्डरांत असते त्यांच्या उतरंडीचं) आणि स्क्रिप्टचं नाव येतं. म्हणजे तिन्ही ठिकाणी आम्ही ‘तारीख’च म्हणत असलो, तरी यंत्राच्या लेखी ‘डिस्चार्ज.तारखा.तारीख’ वेगळी आणि ‘लॅब.तारखा.तारीख’ वेगळी. हकीगत लावणाऱ्या पुढच्या प्रोग्रॅमला ती सगळी नावं सांभाळावी लागत होती, आणि नवं फोल्डर आलं की त्यात आणखी एकाची भर.

स्क्रिप्ट एका समाईक फोल्डरमध्ये ठेवायची, हे सुचायला अवघड नव्हतंच. अडत होतं ते पुढे. समाईक स्क्रिप्ट आयात केली की इंजिन (नियम चालवणारा प्रोग्रॅम) म्हणायचं, ही फाइल सापडत नाही. फाइल तर डोळ्यांसमोर. तुम्ही आलात, खुर्ची ओढलीत आणि पहिला प्रश्न विचारलात, “इंजिन शोधतंय कुठे?” मग रुटाने आपोआप तयार केलेली डिस्क्रिप्टर फाइल, म्हणजे इंजिनच्या सेटिंग्जची फाइल, उघडायला लावलीत. मी तोवर नियमांच्याच फाइली वाचत बसले होते, डिस्क्रिप्टरमध्ये डोकावायचं मनातही आलं नव्हतं. त्यात ‘स्क्रिप्टपाथ्स’ नावाचं एक पॅरामीटर होतं आणि तिथे एकाच फोल्डरचा पत्ता होता: ज्या प्रकल्पातून आम्ही नियम चालवत होतो त्याचा.

तुम्ही जे समजावलंत ते मी आता नव्या माणसाला जसंच्या तसं सांगते. हा पत्ता पाकिटावरच्या पत्त्यासारखा वाचायचा. ‘स्क्रिप्टपाथ्स’ म्हणजे गाव, पॅकेज म्हणजे गल्ली आणि फाइलचं नाव म्हणजे घर. ‘समाईक.वेळ.तारखा’ अशी स्क्रिप्ट मागितली की इंजिन दिलेल्या प्रत्येक गावात जातं, तिथे ‘समाईक’ फोल्डर, त्याच्या पोटात ‘वेळ’ आणि त्यात ‘तारखा’ नावाची फाइल पाहतं. स्क्रिप्टच्या माथ्यावरची पॅकेजची ओळ आणि फोल्डरची उतरंड जुळलीच पाहिजे. गावं एकाहून जास्त देता येतात, जावाच्या क्लासपाथसारखीच (प्रोग्रॅमच्या फाइली कुठे कुठे शोधायच्या त्याची ती यादी). त्या पॅरामीटरच्या यादीत समाईक प्रकल्पाच्या स्क्रिप्ट फोल्डरचा पत्ता गेला की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं ‘अ‍ॅडिशनलस्क्रिप्ट्स’मध्ये: मुख्य स्क्रिप्ट ज्यांना हाक मारणार त्या सगळ्यांची पूर्ण नावं तिथे हवीत. औषधांच्या याद्यांसाठी ‘रिसोर्सपाथ्स’ आणि टाइपसाठी ‘डिस्क्रिप्टरपाथ्स’ वेगळे असतात, हेही तुम्ही जाता जाता सांगितलंत. त्या एका वाक्याने पुढची बरीच रखडपट्टी वाचली.

एक्लिप्स या कोड लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमधल्या रुटाच्या वर्कबेंचमध्ये एका प्रकल्पाने दुसऱ्याचा संदर्भ घेतला की हे पत्ते आपोआप भरले जातात. पण ते असतात त्या त्या लॅपटॉपचे, सर्व्हरवर त्यांचा उपयोग नाही. म्हणून समाईक स्क्रिप्टा मेव्हन या कोड बांधून देणाऱ्या साधनाने जार नावाच्या एका गठ्ठा-फाइलमध्ये बांधून क्लासपाथवरून द्यायच्या, हा तुमचा सल्ला होता आणि आम्ही तो पाळला. रुटाचं मेव्हन प्लगइन डिस्क्रिप्टरही बिल्डच्या वेळीच बनवून देतं.

पण ताई, मनापासून आभार मानायचे आहेत ते यानंतरच्या अर्ध्या तासाचे. फाइल सापडली, नियम चालले, तिथेच तुम्ही उठला असतात तरी मी समाधानी होते. तुम्ही विचारलंत, “यातलं समाईक काय आणि घरचं काय, हे ठरवलंयत का?” आणि स्क्रीनवर मधुमेहाच्या एका रुग्णाची समरी होती, तिच्यातल्या इन्शुलिनच्या ओळीवर बोट ठेवलंत. तिथे लिहिलं होतं 10-8-12. सकाळी दहा युनिट, दुपारी आठ, रात्री बारा. आपल्याकडे गोळ्यांसाठी 1-0-1 लिहितात त्याच चालीवर. आमच्या तारखांच्या नियमाने त्यावर 10 ऑगस्ट 2012 अशी खूण केली होती.

माझा पहिला विचार असा की तारखांच्या नियमातच अट घालावी: हे आकडे डोसचा भाग असतील तर सोडून दे. रुटात त्यासाठी ‘पार्टऑफ’ ही अट आहेच. तुम्ही नाही म्हणालात आणि कारण दिलंत. तसं केलं तर तारखांच्या स्क्रिप्टला डोसचा टाइप माहीत असावा लागेल. मग लॅबच्या फोल्डरला नुसत्या तारखा हव्या असल्या तरी डोसची स्क्रिप्ट सोबत ओढून न्यावी लागेल. समाईक स्क्रिप्टला घरच्या गोष्टी कळू द्यायच्या नाहीत. तिला कुठे बोलवायचं हे बोलावणाऱ्याने ठरवायचं. रुटामध्ये ‘कॉल’ (दुसऱ्या स्क्रिप्टला हाक) ज्या खुणेवरून केला तिच्या चौकटीतच ती बोलावलेली स्क्रिप्ट काम करते. तेव्हा समरीच्या मुख्य स्क्रिप्टने औषधांच्या भागावर डोसची स्क्रिप्ट कॉल करायची आणि तारखांची बाकीच्या भागांवर. औषधांच्या भागात ‘अमुक तारखेपर्यंत घ्या’ अशा तुरळक ओळी येतात, त्यांच्यासाठी समरीच्या फोल्डरमध्येच एक छोटा नियम. आम्ही अगदी तसंच केलं.

त्याच न्यायाने दिवस आधी की महिना आधी हा प्रश्नही सुटला. चिठ्ठ्यांवर आपण 5/6/19 लिहितो ते 5 जून, पण एका यंत्राचे रिपोर्ट महिना आधी छापतात. समाईक स्क्रिप्ट आता फक्त एवढंच म्हणते की ही तीन आकड्यांची तारीख दिसते. कुठला आकडा दिवसाचा, हे त्या त्या फोल्डरची स्क्रिप्ट ठरवते. उलट डोसच्या परिमाणांचा नियम पूर्ण समाईक. रुटा आकडा आणि अक्षरं वेगवेगळी मोडतं आणि मधली मोकळी जागा मुळात विचारातच घेत नाही, त्यामुळे ‘500मिग्रॅ’ असं चिकटून लिहिलेलं असो की सुटं, एकच नियम दोन्हीला पुरतो. तो कुठल्याही कागदावर बदलत नाही, म्हणून त्याला घरची प्रत नकोच.

निघताना तुम्ही एक अट घातलीत: समाईक स्क्रिप्टला तिच्या स्वतःच्या चाचण्या हव्यात, आणि त्यात प्रत्येक फोल्डरचे थोडे थोडे कागद हवेत. एकाने केलेली दुरुस्ती आता सगळ्यांकडे जाते, तसाच एकाने केलेला बिघाडही जाईल. वर्कबेंचमध्ये हाताने खुणा केलेल्या फाइलींशी नियमांच्या खुणा ताडून पाहता येतात. बरोबर लागलेल्या, चुकून लागलेल्या आणि सुटलेल्या अशा तीन रांगा समोर येतात. समाईक तारखांमध्ये कुणीही बदल केला की आधी त्या रांगा बघायच्या, मगच कोड पुढे. ही शिस्त आम्ही मोडलेली नाही.

तुम्ही आमच्या टीमच्या नव्हतात. हे काम तुमच्या कुठल्याच हिशोबात धरलं जाणार नव्हतं. तरी तुम्ही सबंध वेळ कीबोर्ड माझ्याकडेच ठेवलात, एकदाही ‘द्या, मी करते’ म्हणाला नाहीत, आणि मी पॅकेजची ओळ फोल्डरशी ताडून पाहत होते तेव्हा शांत बसून राहिलात. शिकवण्याची ही पद्धत मी फार थोड्या माणसांत पाहिली आहे. मनःपूर्वक आभार, ताई.

आता रेफरल लेटर हा नवा प्रकार आमच्याकडे आला आहे. नव्या सहकाऱ्याने त्याचं फोल्डर उघडलं, तारखांची आणि डोसची समाईक स्क्रिप्ट आयात केली, कुठल्या भागावर काय कॉल करायचं ते लिहिलं आणि पहिल्याच दिवशी तो पाठवणाऱ्या डॉक्टरांच्या नावांच्या नियमांकडे वळला.

एक विचारायचं राहिलं. औषधांच्या नावांची यादी अजून प्रत्येक फोल्डरमध्ये वेगळी आहे आणि ती समाईक प्रकल्पात हलवायची आहे. ब्रँडचं नाव एका रकान्यात आणि मूळ औषध दुसऱ्यात, असं एकच वर्डटेबल करावं असं मला वाटतं. पण एकाच ब्रँडच्या गोळीत दोन-तीन औषधं असतात, तिथे ते टेबल कसं मांडावं यावर तुमचं मत हवं आहे. सवड मिळेल तेव्हा खाली या.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
खालच्या मजल्यावरची सहकारी