एका कुलाची दोन नावे समजावून देणाऱ्या मॅडमना आभारपत्र

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

गोबरगॅसच्या टाकीतील सूक्ष्मजीवांविषयीची माझी मराठी टिपणे गेल्या आठवड्यात पूर्ण झाली. त्यातले वर्गीकरणाचे प्रकरण मी दोनदा लिहून रद्द केले होते. ते उभे राहिले ते तुमच्यामुळे, म्हणून हे आभार जाहीरपणे मानते आहे.

एका पुस्तकात असिटेटपासून (व्हिनेगरमधील आम्लाच्या क्षारापासून) मिथेन तयार करणाऱ्या तंतुरूप आर्कियाला (जिवाणूंहून वेगळ्या एकपेशीय सूक्ष्मजीवाला) मिथॅनोथ्रिक्स म्हटले होते, दुसऱ्यात मिथॅनोसीटा. कुलाचे, म्हणजे जवळच्या प्रजातींच्या गटाचे, नाव कुठे मिथॅनोसीटेसी, तर कुठे मिथॅनोट्रायकेसी. ही दोन निराळी कुले आहेत असे समजून मी तक्ता केला होता. तो पाहून तुम्ही एवढेच विचारलेत, "नाव ज्या वाणावर बेतले, तो वाण शुद्ध होता का, हे पाहिलेस?"

त्या एका प्रश्नाने सगळा गुंता सुटला. ह्यूजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1982 मध्ये मिथॅनोथ्रिक्स सोएन्गेनी या जातीचे वर्णन केले, परंतु त्यांच्या संवर्धात (प्रयोगशाळेत वाढवलेल्या जीवांत) दुसरे जिवाणूही होते. पुढे याच आधारावर आक्षेप घेऊन पटेल आणि स्प्रॉट यांनी 1990 मध्ये शुद्ध संवर्धावरून मिथॅनोसीटा ही प्रजाती (जवळच्या जातींचा गट) मांडली, आणि कुलाचे नाव प्रजातीवरून पडत असल्यामुळे मिथॅनोसीटेसी हे नाव रूढ झाले. 2008 मध्ये नामकरणाच्या न्यायिक आयोगाने मिथॅनोथ्रिक्स हे नाव बाद ठरत नाही आणि दोन्ही नावे एकाच जीवगटाची आहेत, असा निर्णय दिला. जीव तोच राहिला, वाद नावाचा होता. एखाद्या नावामागे इतकी काटेकोर चौकशी असते, हे मला तेव्हा प्रथमच कळले, आणि मला ते फार मोलाचे वाटते.

त्यानंतर तुम्ही सूक्ष्मदर्शकाखाली दोन काचपट्ट्या ठेवल्यात. मिथॅनोसार्सिना या मिथेन तयार करणाऱ्या दुसऱ्या आर्कियाच्या पेशींचे गाठोड्यासारखे पुंजके एफ-420 या सहघटकामुळे निळसर-हिरवे चमकत होते (लॅटिनमध्ये सार्सिना म्हणजे गाठोडेच), आणि शेजारच्या पट्टीवर मिथॅनोथ्रिक्सचे लांब तंतू जेमतेम उजळत होते. पहिला जीव असिटेट भरपूर असताना भराभर वाढतो. दुसरा संथ वाढतो, पण असिटेट अगदी थोडे उरले तरी ते उचलतो, कारण ते सक्रिय करण्यासाठी तो अधिक ऊर्जा खर्च करतो. शेण बेताने घातलेल्या, स्थिर चालणाऱ्या टाकीत या तंतूंचे वर्चस्व का असते, हे मला त्या दोन पट्ट्यांवरून उमगले.

हे जीव ऑक्सिजनमध्ये वाढत नाहीत; माझ्या बाटलीत हवा शिरून रेझाझुरिन (ऑक्सिजन आल्याचे दाखवणारा रंग) गुलाबी झाले, त्या दिवशी माझी तीन आठवड्यांची मेहनत वाया गेली होती. तुम्ही न रागावता नवे माध्यम उकळायला ठेवलेत, नायट्रोजनच्या प्रवाहाखाली रबरी बूच कसे बसवायचे ते स्वतः दाखवलेत, आणि गुलाबी रंग पूर्ण जाईपर्यंत माझ्याजवळ उभ्या राहिलात. ते मी कधीही विसरणार नाही.

दुरुस्त तक्ता सोबत जोडला आहे. त्यात प्रजातीचे नाव मिथॅनोथ्रिक्स आणि कुलाचे नाव मिथॅनोट्रायकेसी ठेवले असून जुनी पुस्तके वाचणाऱ्यांची गफलत होऊ नये म्हणून मिथॅनोसीटा व मिथॅनोसीटेसी ही नावे त्याच ओळीत दिली आहेत. सवडीने एकदा नजरेखालून घालावा, ही विनंती.

आपली कृतज्ञ विद्यार्थिनी