फाटकापाशी थांबलेल्या मुलास

इंदूर, रविवार

चिरंजीव सुहास यास, ख्रिस्तात सप्रेम सलाम.

आजीच्या दफनविधीच्या वेळी तू दफनभूमीच्या फाटकापाशीच थांबलास, मूठभर मातीही टाकली नाहीस आणि रात्रीच्या गाडीने न जेवता निघून गेलास. मी जवळ आलो तेव्हा तू एवढेच म्हणालास, ‘बाबा, आता माफी मागू तरी कोणाकडे?’ लोक होते म्हणून मी गप्प राहिलो असे तुला वाटले असेल. खरे तर मला उत्तर सुचले नव्हते. तुला रात्री झोप लागते का, ते आधी कळव.

घराच्या वाटणीची गोष्ट मी उकरून काढणार नाही. मात्र तीन वर्षे तू छावणी भागातल्या आपल्या घराची पायरी चढला नाहीस आणि तेवढी सगळी वर्षे फोन वाजला की आजी ‘सुहासचा का?’ असेच विचारत राहिली. हे तुला टोचावे म्हणून लिहिले नाही, पण वाचून पाहिल्यावर टोचेल असे दिसते. मला क्षमा कर. त्या दिवशी वाटणीवरून तू तिला टाकून बोलत होतास तेव्हा मी उंबऱ्यातच उभा होतो आणि तुला मी अडवले नाही, हेही मला कबूल केले पाहिजे.

परवापासून मी प्रभू येशूचे दोन शिष्य, पेत्र आणि यहूदा, यांच्याविषयी वाचतो आहे. पस्तावा दोघांनाही झाला. प्रभूला धरून देण्यासाठी घेतलेली चांदीची तीस नाणी यहूदाने परत नेली, ‘मी पाप केले’ असेही म्हटले. परंतु ज्या याजकांकडे तो गेला त्यांनी ‘त्याचे आम्हांला काय?’ म्हणून त्याला झिडकारले आणि तो एकटाच निघून गेला. पेत्राने कोळशाच्या विस्तवापाशी शेकत असताना प्रभूला तीनदा नाकारले, आणि दुसऱ्याच दिवशी प्रभू क्रूसावर मरण पावला. म्हणजे ज्याची माफी मागायची तोच कबरेत गेला, ही तुझी अडचण पेत्राचीही होती. तरी तो इतर शिष्यांना सोडून गेला नाही. पुढे तिबिर्य समुद्राच्या काठी पुनरुत्थित प्रभूने पुन्हा कोळशाचाच विस्तव केला होता, त्यावर मासळी होती, भाकर होती. ‘माझ्यावर प्रीती करतोस काय?’ हे त्याने तीनदा विचारले खरे, पण न्याहारी झाल्यावर. म्हणूनच तू न जेवता गेलास हे माझ्या मनातून जात नाही.

आपण कॅथलिक नसलो तरी सिस्टर राणी मारिया या कॅथलिक जोगिणीची हकीकत तू घरात ऐकली आहेस. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी उदयनगरहून इंदूरला येताना त्यांना बसमधून ओढून भोसकून मारण्यात आले. त्यांच्या सख्ख्या बहिणीने, सिस्टर सेल्मी पॉल यांनी, २००२ साली तुरुंगात जाऊन मारणाऱ्या समुंदर सिंहच्या हाताला राखी बांधली. ते ऐकल्यावर आजी बराच वेळ बसून राहिली. मग तिने नाशिकच्या काकांना पत्र लिहिले, ज्यांच्याशी ती अकरा वर्षे बोलली नव्हती. तुझ्याविषयी तिच्या मनात काय होते, हे मी यावरून ओळखतो.

तू बोललेले शब्द आता पुसले जातील असे मी सांगणार नाही. उठलेल्या प्रभूच्या हातांवरही खिळ्यांचे व्रण राहिलेच होते आणि तेच त्याने शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला दाखवले. परंतु आजी संपली असे मी मानत नाही. मेलेले उठवले जातील हे आपण दर रविवारी म्हणतो, आणि ते खरे असेल तर माफी मागायला तुला उशीर झालेला नाही. आज प्रभूपाशी माग. तिच्यापाशी मागशील तोही दिवस येईल. बारा वर्षांचा असताना तू मंडळीपुढे एक्कावन्नावे, पापांची क्षमा मागणारे स्तोत्र न अडखळता म्हटलेस, तेव्हा आजी आठवडाभर भेटेल त्याला ते सांगत होती. तेवढे एक स्तोत्र रात्री वाच. पुन्हा उपदेश झाला, राहू दे.

कबरीवर अजून लाकडी क्रूसच आहे. माती खचून बसल्यावर, म्हणजे पावसाळ्यानंतर दगड बसवू. त्याआधी ये, तुझ्या मुठीची माती अजून टाकायची राहिली आहे. आई विचारते, जेवतोस ना? झोपेचे मी वर विचारलेच आहे. फोन कितीही उशिरा केलास तरी चालेल, मीही जागाच असतो.

तुझा,
बाबा