चमच्यावरून न ओघळणारे वरण : महिला व बालविकासमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. महिला व बालविकासमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : मराठवाड्यातील आया, अंगणवाडी सेविका व आशा यांच्याकडून होणारे आहारबदलाचे काम आणि त्याला द्यावयाचे बळ.

सन्माननीय मंत्री महोदय,

मी लातूर जिल्ह्यात एकात्मिक बालविकास सेवा योजनेत मुख्यसेविका, म्हणजे अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका, म्हणून काम करून निवृत्त झाले. मानधन, निवृत्तिवेतन किंवा बदल्या यांविषयी हे पत्र नाही. ती गाऱ्हाणी आपल्यापर्यंत संघटनांमार्फत पोहोचतच असतील. माझ्या बीटमधील, म्हणजे माझ्या देखरेखीखालच्या, गावांत लोकांच्या ताटात जो थोडाफार बदल झालेला मी पाहिला, तो कोणी केला आणि कसा केला, एवढेच मला आपल्यापुढे मांडायचे आहे, कारण योजनेच्या कागदांत त्या करणाऱ्या बायकांसाठी रकानाच नाही.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करते. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत आम्ही दर वर्षी पाककृती प्रदर्शन भरवत असू. पांढरी चादर अंथरलेल्या टेबलांवर मोड आलेल्या मटकीचे कटलेट, गाजर कोरून केलेली फुले, बिटाची पोळी असे पंचवीस-तीस पदार्थ मांडलेले असत. अधिकारी येत, छायाचित्रे निघत, पहिला क्रमांक जाहीर होई. बाया पदर सावरत टेबलाभोवती फिरत आणि घरी जाऊन नेहमीचेच शिजवत. त्या टेबलावरचा एकही पदार्थ माझ्या बीटमधील एकाही चुलीवर दुसऱ्यांदा झाल्याचे मला आठवत नाही, आणि तरीही प्रत्येक अहवालात मी ‘उत्स्फूर्त प्रतिसाद’ असेच लिहीत आले.

पुढे एका गावात माता बैठक चालू होती. प्रथिने, लोह, जीवनसत्त्वे हे माझे पाठ झालेले व्याख्यान संपल्यावर तिथल्या सेविकेने शेजारच्या घरातून वरणाचे पातेले मागवून घेतले. त्या घरची आई आठ महिन्यांच्या बाळाला ‘वरण’ देत होती, म्हणजे डाळ तळाशी बसल्यावर वर जे पिवळे पाणी राहते ते. डाळीचा सगळा कस त्या पाण्यात उतरतो, असा आमच्याकडे जुना समज आहे. सेविकेने चमचा त्या पाण्यात बुडवून आडवा धरला, तेव्हा पाणी सगळे सांडले. मग तिने तळाची डाळ घोटली, भाकरीचा मऊ भाग दुधात भिजवून त्यात कुस्करला, वरून थोडे तेल सोडले आणि चमचा पुन्हा तसाच आडवा केला. घास चमच्याला धरून राहिला. “ओघळतंय ते पाणी, ताई. पाण्यानं पोट भरतंय, अंग भरत नाही,” असे ती त्या आईला म्हणाली. माझ्या व्याख्यानाला जांभया देणाऱ्या बायका पुढे सरकून बसल्या होत्या.

खरे काम त्यानंतर झाले आणि ते आमच्यापैकी कोणी केले नाही. त्या बैठकीत एक तरुण आई होती, जिच्या धाकट्या मुलाचा दंडघेर ११.२ सेंटिमीटर भरला होता, ११.५ च्या खाली गेले की मूल तीव्र कुपोषित गणले जाते आणि पट्टीवर लाल रंग दिसतो. ग्राम बाल विकास केंद्रातला आहार आणि औषधे त्याला मिळतच होती. त्याशिवाय ती घरी ज्वारीच्या लाह्या, फुटाणे आणि भाजलेले शेंगदाणे एकत्र दळून, त्यात गूळ घालून त्याला दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे भरवू लागली. अडीच महिन्यांनी पट्टी १२.४ वर आली, म्हणजे पिवळ्यात. हिरव्यात यायला आणखी वेळ लागला. पण तोवर दुपारच्या वेळी तिच्या ओट्यावर आजूबाजूच्या तीन-चार जणी वाट्या घेऊन बसू लागल्या होत्या. मी सांगितले असते तर त्या आल्या नसत्या. तिचे घर त्यांच्याइतकेच, तिची चूल त्यांच्यासारखीच, तिची सासू त्यांच्या सासवांइतकीच खट. तरीही तिचे मूल सावरले, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.

सासूचा उल्लेख मी सहज केलेला नाही. केळ्याने कफ होतो, अंडे उष्ण पडते, बाळंतिणीला हिरवी भाजी चालत नाही हे निर्णय घरात सासूबाई घेतात, आणि आपल्या सर्व पुस्तिका मात्र सुनेला उद्देशून छापलेल्या असतात. ज्या सेविकांना हे उमगले त्यांनी बैठकीला आधी सासवांना बोलावले. एकीने तर सरळ विचारले, की मावशी, तुमच्या लहानपणी दुष्काळात काय खात होता? मग तांदुळजा, घोळ, पाथरी, अंबाडी, करडईची कोवळी भाजी, ज्वारीच्या कण्या अशी नावे एकामागून एक निघत गेली आणि त्यांतल्या निम्म्या भाज्या बांधावर अजूनही उगवतात हे सुनांना त्या दिवशी कळले. आमच्या भागात वेळ अमावस्येला, म्हणजे येळवशीला, शेतात जी भज्जी होते, तिच्यात तूर, हरभरा, वाटाणा, शेंगदाणे आणि असतील त्या सगळ्या पालेभाज्या एकाच भांड्यात शिजतात, सोबत ज्वारी-बाजरीचे उंडे आणि आंबील असते. सहा महिन्यांपुढच्या बाळाला आठांपैकी किमान पाच अन्नगटांतले काही ना काही रोज मिळावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हे आमच्या बायकांना समजावताना सेविका एवढेच म्हणते, की येळवशीचं जेवण वर्षातून एकदा करता, त्यातलं थोडं थोडं रोज करा.

मी आकडे मुद्दाम मागे ठेवले होते, पण ते आपल्याला ठाऊक असणारच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१५-१६ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ४८ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता; २०१९-२१ च्या फेरीत हे प्रमाण ५४.२ टक्के झाले. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांत ते ५३.८ वरून ६८.९ वर गेले. लोहाच्या गोळ्या याच काळात वाटल्या जात होत्या. गोळी घेतल्यावर लगेच चहा प्यायला तर त्यातले लोह फारसे अंगी लागत नाही, ही साधी गोष्ट गोळीच्या पाकिटासोबत घरापर्यंत गेली नाही, आणि जिथे सकाळची न्याहारी म्हणजेच चहा आणि टोस्ट, तिथे ती कोणीतरी समोर बसूनच सांगावी लागते. एकदा मी बैठकीत प्रत्येकीला विचारले, की काल रात्री तुम्ही काय जेवलात. बराच वेळ कोणी बोलेना. शेवटी एक म्हणाली, “उरलं ते.” बाकीच्या हसल्या, पण कोणीही वेगळे उत्तर दिले नाही.

मराठवाड्याला हे काम नवीन नाही, याचीही आपल्याला आठवण करून द्यावीशी वाटते. २००१ मधील बालमृत्यूंनंतर २००२ मध्ये औरंगाबादच्या विभागीय आयुक्तालयाने, तत्कालीन आयुक्त व्ही. रमणी यांच्या पुढाकाराने, प्रत्येक मूल मोजण्याची आणि प्रत्येक मुलाचा पाठपुरावा करण्याची मोहीम हाती घेतली, आणि तिच्यातूनच २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन उभे राहिले. राज्यातील दोन वर्षांखालील मुलांमधील खुजेपणा (वयाच्या मानाने कमी उंची) २००५-०६ मध्ये ३९ टक्के होता, तो २०१२ च्या सर्वेक्षणात सुमारे २३ टक्क्यांवर आलेला दिसला. सगळे श्रेय एका मिशनला देता येणार नाही, पण त्या वर्षांत वजनकाट्याइतकाच गृहभेटींवर भर होता, हे मी आतून पाहिले आहे. आज सेविकेच्या हातात मोबाइल आहे, नोंदींसाठी पोषण ट्रॅकर हे ॲप आहे, घरपोच आहाराचे पाकीट देण्याआधी लाभार्थीचा चेहरा ओळखून घेण्याची पद्धत आहे. नोंद चोख होते. मात्र नेटवर्कसाठी गच्चीवर उभी असलेली सेविका त्या वेळात कोणाच्याही चुलीपाशी बसू शकत नाही.

लातूर किंवा छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरांत आता ‘हेल्थ कोच’ अशा पाट्या दिसतात. त्यांतले काही मनापासून काम करतात, काही शेवटी पावडरीचा डबा विकतात. आमची आशाताई काहीही विकत नाही. लहान मुलांच्या गृहभेटींच्या कार्यक्रमात ती तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्याला घरी जाते, बाळाला वरचे अन्न केव्हा व किती द्यायचे ते सांगते, आणि तिला एका भेटीमागे ५० रुपये मिळतात. पोषण अभियानात अन्नप्राशन दिवसासारख्या गावपातळीवरील कार्यक्रमाला २५० रुपयांची तरतूद ठरली. त्यात सतरंजी, चहा आणि फलक झाला की शिजवायला काही उरत नाही. माझी पहिली विनंती हीच, की ही रक्कम वाढवून शिजवण्याच्या जिन्नसांसाठी वेगळी द्यावी आणि कार्यक्रमाआधी द्यावी. आज सेविका किराणा दुकानात उधारी करते आणि देयक मंजूर होईपर्यंत दुकानदाराची नजर चुकवते. ज्या आईच्या ओट्यावर इतर आया शिकायला बसतात, तिलाही महिन्याला काही मानधन मिळाले पाहिजे. प्रशिक्षक म्हणून तालुक्याहून आलेल्या माणसाला प्रवासभत्ता मिळतो, आणि जिच्यामुळे पोरे सावरली तिला साधे प्रमाणपत्रही नाही.

दुसरी गोष्ट घरपोच आहाराची. ७ ऑक्टोबर २००४ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडीच्या पोषण आहारासाठी कंत्राटदार वापरू नयेत आणि शक्यतो बचत गट व महिला मंडळांकडून हे काम करून घ्यावे, असे स्पष्ट म्हटले होते. आमच्या गावांतून पाकिटातला तो गोडसर मिश्रणाचा पुडा कित्येकदा शेरडा-करडांच्या पाटीत गेलेला मी पाहिला आहे, आणि त्यासाठी आईला दोष द्यायला माझी जीभ उचलत नाही, कारण मी स्वतः तो खाऊन पाहिला आहे. एका मुलामागे रोज ८ रुपयांच्या दरात (हा दर २०१७ साली ठरला) गावातला गट काय देऊ शकेल, ही शंका रास्त आहे. दर वाढवावाच लागेल. पण जिन्नस तर दाराशी आहेत. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने २०१८ मध्ये ‘परभणी शक्ती’ हे ज्वारीचे वाण दिले, ज्यात किलोमागे सुमारे ४५ मिलिग्रॅम लोह असते, तर नेहमीच्या ज्वारीत ते ३० च्या आसपास. लोहाची ज्वारी परभणीत तयार होते आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या रक्तक्षयी बाईला ती कुठे मिळते हे माहीत नाही, ही दरी आपले आणि कृषी असे दोन विभाग एका टेबलावर बसले तर मिटू शकते. खरिपात ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली, रेशनवर गहू-तांदूळ आला, आणि भाकरी थापता न येणारी पहिली पिढी आता लग्नाला आली आहे. धाराशिव-लातूर भागात ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेसोबत बायकांनी घरच्या जमिनीतला अर्धा-एक एकर आपल्या ताब्यात मागून घेऊन त्यात कडधान्ये आणि भाज्या लावल्या. या संस्थेला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. एकरभर जमिनीत काय पेरायचे हे बाईने ठरवले की घरात काय शिजते ते बदलते, इतका तो साधा हिशेब आहे.

सगळा भार आईवर टाका, असे मात्र मी म्हणत नाही. बाजारहाट पुरुष करतो. पोराला पाच रुपयांची तिखट पुडी तोच घेऊन देतो आणि लाडाने देतो. वर्षातून चार माता बैठका ‘पालक बैठका’ म्हणून संध्याकाळी घ्या, म्हणजे शेतातून आलेले बापही बसतील. दोन गावांत आम्ही हे करून पाहिले. पहिल्या वेळी तिघेच आले आणि तेही दारातच उभे राहिले. चौथ्या वेळी एकाने चमच्याचा प्रयोग स्वतः करून दाखवला, अर्थात हसण्यावारी नेत.

आणि ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचे काय? दिवाळीच्या सुमारास बीड, जालना, धाराशिवमधली हजारो कोयती (ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता) पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, सोबत तान्ही मुले जातात आणि गावातल्या पटावर त्यांच्या नावापुढे ‘स्थलांतरित’ असा शेरा पडतो. पहाटे फडात जाणारी आई रात्रीच्या भाकरी सकाळी देते. तिला सल्ला देणे क्रूरपणाचे आहे. पण मुकादमाची उचल घेऊन ती निघायच्या आधी, दसऱ्याच्या आसपास, गावातल्या बचत गटाकडून तिच्या मुलासाठी दोन महिने टिकेल एवढे लाह्या-फुटाण्याचे पीठ विभागाने विकत घेऊन तिच्या गाठोड्यात द्यावे, आणि ज्या कारखान्याच्या हद्दीत तिची कोपी (पाचटाची झोपडी) पडते तिथल्या सेविकेला तिचे नाव आधीच कळावे. ट्रॅकरचा उपयोग खऱ्या अर्थाने इथे आहे.

सप्टेंबर हा पोषण माह, आणि १७ तारखेला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या निमित्ताने मंत्रिमंडळातले बरेचजण आमच्याकडे ध्वजवंदनाला येतात. त्या दिवशी आपण आलात तर जिल्ह्याच्या ठिकाणचे प्रदर्शन न पाहता एखाद्या गावच्या ओट्यावर अर्धा तास बसावे, अशी विनंती आहे. दुपारी तीननंतर या, कारण त्याआधी बाया रानात असतात. आधी कळवू नका, नाहीतर ताटात गाजराची फुले येतील.

आपली विश्वासू,
एक निवृत्त मुख्यसेविका, लातूर जिल्हा