नर्सिंगचा अभ्यासक्रम निवडताना: मुलास पत्र

सातारा,
दि. 18 जानेवारी 2026

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबत पाठवलेला तिन्ही अभ्यासक्रमांचा तक्ता मिळाला. बारा वर्षांची सॉफ्टवेअरमधली नोकरी सोडून नर्स व्हायचे, हे तू आणि सूनबाईंनी मिळून ठरवले आहे; तेव्हा ते बरोबर की चूक याची चर्चा मी पुन्हा उघडत नाही. मामा अजून नाराज आहेत. इंजिनिअर झालेला मुलगा आता बेडपॅन देणार का, असे त्यांनी मला विचारले आणि मी त्यांना सरळ होय म्हणाले. माझ्या हाताखाली काम केलेल्या ब्रदरांपैकी दोघे-तिघे असे होते की रुग्ण नाव घेऊन त्यांनाच बोलवायचे, त्यामुळे पुरुषाने या कामात जावे की नाही हा प्रश्न माझ्यापुरता केव्हाच मिटला आहे.

तुझ्याकडे अमेरिकेत पदवीधरांसाठी वेगळी वाट आहे, हे मात्र मोठे भाग्य समज. आपल्याकडे तुझ्यासारख्याला बी.एस्सी. नर्सिंग करायचे झाले तर बारावीला जीवशास्त्र होते का, इथपासून सुरुवात करावी लागते आणि पुढे पूर्ण चार वर्षे द्यावी लागतात; पोस्ट बेसिक बी.एस्सी. दोन वर्षांची असली तरी ती आधीच नोंदणीकृत असलेल्या नर्ससाठी आहे. दुसऱ्या विषयातील पदवी हाताशी धरून थेट पदव्युत्तर नर्सिंगमध्ये शिरण्याची सोय अमेरिकेत येल विद्यापीठाने 1974 मध्ये सुरू केली आणि मग ती इतरत्र पसरली. आता तिचे इतके प्रकार झाले आहेत की तुझ्यासारख्या हिशेबी माणसाचाही गोंधळ व्हावा.

तुझ्या तक्त्यात तीन रकाने आहेत: लोयोला विद्यापीठाचा डाउनर्स ग्रोव्ह येथील सोळा महिन्यांचा एबीएसएन, म्हणजे पदवीधरांसाठीची नर्सिंगची वेगवान दुसरी पदवी, शिकागोतील रश विद्यापीठाचा दोन वर्षांचा पदव्युत्तर प्रवेश-अभ्यासक्रम, आणि बोस्टनचा तीन वर्षांचा, ज्यातून तू थेट मानसोपचारातील नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे औषधे लिहून देण्याचा अधिकार असलेला नर्स, होऊन बाहेर पडशील. तिसऱ्याकडे तुझा कल आहे, हे तू लिहिले नसतेस तरी तक्ता वाचून समजले असते, कारण त्या रकान्यात तू फायदे सविस्तर मांडले आहेस आणि तोटे एका ओळीत उरकले आहेत.

सर्वांत आधी एक गोष्ट नीट ध्यानात घे. या तिन्ही वाटांचा पहिला मुक्काम एकच आहे, तो म्हणजे एनक्लेक्स ही नर्सच्या परवान्याची परीक्षा आणि आरएनचा, म्हणजे नोंदणीकृत नर्सचा, परवाना. कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षे शिकलेली मुलगी, सोळा महिन्यांत दुसरी पदवी घेतलेला तू आणि पदव्युत्तर पदवी घेऊन आलेला तुझा वर्गमित्र हे तिघेही त्याच परीक्षेला बसतात, संगणक तिघांनाही किमान 85 आणि कमाल 150 प्रश्न विचारतो आणि तिघांनाही तोच परवाना मिळतो. नवख्या नर्सचा पगारही साधारणपणे पदवीवर ठरत नाही. तो रुग्णालय, शहर आणि पाळी यांवर ठरतो. रशच्या वाटेने मिळणारी पदवी पदव्युत्तर असली तरी ती सर्वसाधारण नर्सिंगची आहे. तिच्यामुळे तुला औषधे लिहून देण्याचा अधिकार मिळणार नाही. त्यासाठी पुढचे विशेष शिक्षण घ्यावेच लागेल. तुझ्या पत्रात ‘मास्टर्स झाले म्हणजे निम्मे काम झाले’ असे वाक्य आहे, ते तू या दृष्टीने पुन्हा तपासून पाहा.

आता पैशांचे. तुला ग्रीन कार्ड मिळालेले असल्यामुळे सरकारी शैक्षणिक कर्ज मिळेल, हे खरे. पण तक्त्यात तू जुने नियम धरले आहेस. जुलै 2025 मध्ये झालेल्या कायद्याने पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी असलेले ग्रॅड प्लस कर्ज 1 जुलै 2026 पासून नव्या कर्जदारांना बंद होत आहे. त्यानंतर पदव्युत्तर शिक्षणासाठी वर्षाला 20,500 डॉलर आणि एकूण 1,00,000 डॉलर एवढीच मर्यादा राहील. वैद्यक, कायदा यांसारख्या व्यावसायिक पदव्यांना वर्षाला 50,000 डॉलर मिळतील. मात्र गेल्या नोव्हेंबरात शिक्षण खात्याच्या समितीपुढे ठरलेल्या नियमांच्या मसुद्यात त्या पदव्यांत नर्सिंगचा समावेश नाही. (तिकडच्या नर्सेसच्या संघटना यावरून संतापल्या आहेत आणि मला त्यांचा राग पूर्णपणे पटतो.) याचा अर्थ असा की बोस्टनच्या तीन वर्षांत तुला सरकारकडून जास्तीत जास्त 61,500 डॉलर मिळतील आणि फी, घरभाडे, विमा धरून उरलेली सगळी रक्कम बचतीतून किंवा खाजगी कर्जातून उभी करावी लागेल. एबीएसएनला तर मर्यादा आणखी खाली आहे, कारण ती पदवी-स्तराची असल्याने वर्षाला 12,500 डॉलरच मिळतात, आणि एक पदवी आधीच असल्यामुळे गरजू विद्यार्थ्यांना मिळणारे सरकारी पेल अनुदानही नाही. पण तिथे फी सोळा महिन्यांची आहे आणि घर बदलावे लागत नाही. सरकारी कर्जाला ना-नफा रुग्णालयात 120 हप्ते भरल्यानंतर उरलेल्या रकमेची माफी मिळू शकते, खाजगी कर्जाला तसली कोणतीही सवलत नाही. म्हणून एकूण खर्चाइतकेच, त्यातले खाजगी कर्ज किती, हे प्रत्येक रकान्यात वेगळे मांड.

त्याच हिशेबात न कमावलेला पगारही धर. अमेरिकेत आरएनचा मध्यम वार्षिक पगार मे 2024 मध्ये 93,600 डॉलर होता. नवख्याला त्याहून कमी मिळेल. तरी लोयोला आणि रश यांच्यातील आठ महिन्यांचे अंतर काही हजारांचे नाही, दहा-दहा हजारांच्या पटीत मोजण्याचे आहे. या अभ्यासक्रमांत शिकत असताना नोकरी करणे जवळपास अशक्य असते, हे तुला शाळांनीही सांगितले आहेच.

पैशांपेक्षा माझे बोस्टनबद्दलचे म्हणणे वेगळ्या कारणासाठी आहे आणि त्यावर मी जरा सविस्तर लिहिते.

तुला मानसोपचारात जायचे आहे, त्यामागे तू मानसिक संकटातल्या लोकांसाठीच्या 988 या मदतवाहिनीवर केलेले स्वयंसेवी काम आहे, आणि ती ओढ खरी आहे याबद्दल मला शंका नाही. परंतु मनाचा आजार आणि शरीराचा आजार हे वॉर्डात वेगवेगळ्या खाटांवर पडून येत नाहीत. आमच्याकडे कीटकनाशक पोटात गेलेले रुग्ण नेहमी यायचे. त्यांना उतारा म्हणून अ‍ॅट्रोपीन हे औषध सुरू केले की काही तासांनी एखादा रुग्ण अचानक हवेत काहीतरी पकडू लागतो, कपडे ओढतो, शेजारच्याला शिव्या देतो. नवशिक्या मुली घाबरून म्हणायच्या की याचे डोके फिरले. जुनी परिसेविका आधी त्याची जीभ कोरडी आहे का, बाहुल्या किती मोठ्या झाल्या आहेत, नाडी किती धावते आहे, लघवी तुंबली आहे का, हे बघायची आणि मग डॉक्टरांना बोलावून सांगायची की औषधाचा डोस तपासा. रक्तातले सोडियम उतरलेली आजी, मूत्रमार्गाचा संसर्ग झालेले आजोबा, दारू सुटून दुसरा-तिसरा दिवस लागलेला तरुण, साखर घसरलेला मधुमेही, हे सगळे पहिल्या नजरेला मनोरुग्णच वाटतात. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. मनोविकारावरच्या लिथियमची उपयोगाची आणि विषाची मात्रा एकमेकींच्या फार जवळ असते, आणि उलट्या-जुलाब होऊन शरीरातले पाणी कमी झाले की तीच रोजची गोळी घातक ठरते. मनोविकारावरचेच क्लोझापीन घेणाऱ्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी पाहाव्या लागतात, आणि त्याचे पोट साफ होते का हा प्रश्न विचारायला लाजून चालत नाही. ही नजर पुस्तकाने थोडी येते आणि बाकीची रात्रपाळीत येते.

बोस्टनच्या वाटेवर तू आधी आरएनचा अभ्यास करशील आणि लगेच विशेष शाखेत जाशील. नर्स म्हणून एकही वर्ष स्वतःच्या जबाबदारीवर रुग्ण न सांभाळता तू औषधे लिहिणारा होशील. कायद्याने ते चालते, आणि तसे शिकून उत्तम काम करणारे लोकही आहेत. तरीही माझ्या मुलाने असे करू नये असे मला वाटते. बेशुद्धीचे औषध देणाऱ्या नर्सच्या अभ्यासक्रमाला अतिदक्षता विभागातील किमान एका वर्षाचा अनुभव सक्तीचा आहे; मानसोपचाराला तो सक्तीचा नाही, म्हणून तिथे त्याची गरज नाही असे मी मानत नाही. तुझ्या पत्रातले उत्तर असे की, 36व्या वर्षी सुरुवात करणाऱ्याने वेळ घालवू नये. वॉर्डातली दोन वर्षे वाया जात नाहीत, त्यांचा पगार मिळतो, आणि पुष्कळ रुग्णालये पुढील शिक्षणाच्या फीचा काही भाग उचलतात.

म्हणून माझा कल डाउनर्स ग्रोव्हकडे आहे. तुमच्या नेपरव्हिलहून ते जवळ आहे, सूनबाईंची नोकरी आणि लहानगीची शाळा हलवावी लागत नाही, आणि सोळा महिन्यांनंतर तू काम करू लागशील. सुरुवातीची एक-दोन वर्षे सर्वसाधारण वॉर्डात काढ, मग मानसोपचार विभागात बदली घे आणि नोकरी सांभाळून पुढचे शिक्षण कर. तुमच्या इलिनॉय राज्यात नर्स प्रॅक्टिशनरला सुरुवातीला डॉक्टरांशी लेखी करार करून काम करावे लागते आणि 4,000 तासांचे काम व 250 तासांचे जादा शिक्षण झाल्यावरच स्वतंत्रपणे काम करता येते. म्हणजे बोस्टनहून शिकून तू घरी परतलास तरी ती पायरी चुकणार नाही. शिवाय इलिनॉय अजून राज्याराज्यांच्या सामाईक परवान्यात नाही, त्यामुळे बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स राज्याचा परवाना तिथे आपोआप चालेल असे धरू नकोस.

रशचा पर्याय मी पूर्णपणे बाद करत नाही. पुढे डॉक्टरेटच्या स्तरावर मानसोपचार घेताना तिथली पदव्युत्तर पदवी किती श्रेयांकांची सूट देईल, हे त्यांच्याकडून लेखी घे. सूट मोठी असेल तर आठ महिने जास्त देणे रास्त ठरेल. तोंडी आश्वासनावर मात्र जाऊ नकोस. दोन्ही शाळांना हेही विचार की विद्यार्थ्यांना कोणत्या रुग्णालयांत पाठवतात, एका शिक्षिकेमागे वॉर्डात किती विद्यार्थी असतात, आणि मानसोपचाराचे तास खरोखर वॉर्डात होतात की पुतळ्यांवर सराव करण्याच्या सिम्युलेशनच्या खोलीत. मी पाठ्यनिर्देशिका, म्हणजे नर्सिंगची शिक्षिका, असताना एका वेळी आठ मुलींपेक्षा जास्त मुली घेऊन वॉर्डात जायला नकार द्यायची, कारण नवव्या मुलीचे हात मला दिसत नसत. एनक्लेक्सचा निकाल तर राज्याचा परवाना विभाग शाळेनिहाय जाहीर करतो, तो मागच्या चार-पाच वर्षांचा बघ. एका वर्षाच्या चांगल्या आकड्याला फार अर्थ नसतो.

कोणताही रकाना निवडलास तरी शरीररचना व शरीरक्रिया यांचे दोन्ही भाग, सूक्ष्मजीवशास्त्र आणि मानवी विकास हे विषय तुला आधी करावेच लागतील. तुझ्या अभियांत्रिकीत यातले काहीच नव्हते. ग्लेन एलिनच्या कॉलेज ऑफ डूपेजमध्ये ते होतील. पुणे विद्यापीठाच्या गुणपत्रिकांचे मूल्यांकन करून घ्यायला वेळ लागतो, म्हणून तो अर्ज याच महिन्यात कर. विद्यापीठातल्या खेपा तुझे बाबा घालतील, त्यांनी तसे कबूल केले आहे.

आणि त्याच कॉलेजात नर्सिंग असिस्टंटचे प्रशिक्षणही आहे. इलिनॉयमध्ये ते किमान 120 तासांचे असते. ते पूर्ण करून वृद्धांच्या केंद्रात शनिवार-रविवार तीन महिने काम कर. अंथरूण ओले झालेल्या माणसाला त्याचा मान राखून कसे पुसायचे, कूस कशी बदलायची, जेवण नाकारणाऱ्याजवळ किती वेळ बसायचे, हे तिथे रोज करावे लागेल. फोनवर दुःखी माणसाशी बोलणे तुला जमते, हे मला ठाऊक आहे. त्याच्या अंगाला हात लावून काम करणे जमते का, हे तुझे तुलाच अजून ठाऊक नाही. नाही जमले तर 120 तास आणि थोडी फी गेली, एवढेच होईल.

प्रवेश निश्चित करण्यासाठी शाळा जी अनामत मागतात ती परत मिळत नाही. ती भरण्याची मुदत या तीन महिन्यांच्या आत येत असेल, तर पुढच्या तुकडीत प्रवेश मिळेल का असे शाळेला विचार आणि मगच पैसे भर. सूनबाईंना आणि लहानगीला आशीर्वाद.

तुझी,
आई