जनगणनेचे फॉर्म शंभर वर्षांनी तरी उघडा

संपादक महोदय,

२०१७ मध्ये लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले आणि त्यांच्या वडिलांच्या गावाचं, मालवण तालुक्यातल्या वराडचं नाव आपल्याकडे घराघरात पोचलं, मग २०१९ च्या डिसेंबरात ते घरच्यांना घेऊन गावाला येऊनही गेले. तिकडे आयर्लंडात वराडकर हे आडनाव म्हणजे दुर्मिळातलं दुर्मिळ. मला मात्र उलटीच उत्सुकता लागली, की खुद्द आयरिश लोकांमधली दुर्मिळ आडनावं आली कुठून आणि ते लोक त्यांचा माग काढतात कसा. वाचता वाचता एका आडनावापाशी थांबले, आणि त्यातून जे सुचलं त्याचा आपल्या येणाऱ्या जनगणनेशी थेट संबंध आहे म्हणून हे पत्र.

आडनाव आहे मॅकगिलिकडी. आयर्लंडच्या नैऋत्य टोकाला केरी नावाचा जिल्हा आहे, तिथलं हे घराणं, मूळचे ओ'सलिव्हन मोर या मोठ्या कुळाची एक शाखा. मोखुडा नावाचे सातव्या शतकातले संत होते, लिस्मोरचा मठ त्यांनी स्थापन केला, त्यांच्या भक्ताचा मुलगा म्हणून हे आडनाव. ओ'सलिव्हन तिथे पैशाला पासरी, पण मॅकगिलिकडी केरीतसुद्धा थोडेच. तरी आयर्लंडच्या नकाशावर हे नाव ठसठशीत आहे, कारण देशातली सगळ्यात उंच डोंगररांग, जिच्यात १,०३८ मीटरचं कॅरनटूहिल शिखर आहे (आपली कळसूबाई १,६४६), ती यांच्याच नावाने ओळखली जाते, मॅकगिलिकडीज रीक्स. आपल्याकडे गावावरून माणसाला आडनाव मिळतं, तिकडे आडनावावरून डोंगराला नाव मिळालं!

आता हे लोक जगात पांगले कसे ते बघा. १८४५ ते १८५२ च्या मोठ्या दुष्काळात आयर्लंडमध्ये सुमारे दहा लाख माणसं मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली, त्यातली बरीच अमेरिकेला, आणि त्याच्या आधीपासून नंतरपर्यंत हा ओघ चालूच होता. मॅसॅच्युसेट्समध्ये १८६२ साली एका आयरिश घरात कॉर्नेलियस मॅकगिलिकडी जन्मला, बेसबॉलच्या जगात तो कॉनी मॅक म्हणून गाजला, फिलाडेल्फियाच्या टीमचा तो १९०१ ते १९५० असा पन्नास वर्षं मॅनेजर होता. त्याचा नातू १९८९ ते २००१ फ्लोरिडाचा सिनेटर, तोही लोकांसाठी कॉनी मॅक, पण कागदावर मॅकगिलिकडीच. अमेरिकेतल्याच मेन नावाच्या राज्यातून १९११ ते १९१७ तिथल्या काँग्रेसमध्ये, म्हणजे संसदेत, एक डॅनियल मॅकगिलिकडी होते. स्पेलिंग पण कुणी असं लावतो कुणी तसं. म्हणजे नुसती डिरेक्टरी घेऊन आडनावं मोजायला बसलात तर मॅक झालेला माणूस हातातून निसटणारच. त्यासाठी घरात कोण कोण होतं, कुठून आलं, हे सांगणारा कागद लागतो.

तो कागद आयर्लंडकडे आहे. १९०१ आणि १९११ च्या जनगणनेचे घराघरातले मूळ फॉर्म त्यांच्या राष्ट्रीय पुराभिलेखागाराने इंटरनेटवर टाकलेत, फुकट, कुणीही बघा. आडनाव टाका, जिल्हा टाका, की घर समोर उघडतं. १९११ चा फॉर्म मी नीट वाचला. घरातला कर्ता माणूस स्वतः भरायचा आणि खाली सही करायचा, लिहिता येत नसेल तर खूण. नाव, नातं, धर्म, लिहिता-वाचता येतं का, वय, कामधंदा, जन्म कुठल्या जिल्ह्यातला, आयरिश भाषा येते का. आणि लग्न झालेल्या बाईपुढे तीन रकाने, लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं जन्मली, त्यातली किती आज आहेत. शेवटच्या दोन आकड्यांत फरक दिसला की काळजात चर्र होतं, कारण ती मधली मुलं बहुतेक वेळा कुठल्याच फॉर्मवर नसतात.

आणि हे सगळं त्यांनी खूप गमावल्यावर उरलेलं आहे. १८६१ आणि १८७१ चे फॉर्म सरकारनेच नष्ट केले, १८८१ आणि १८९१ चे पहिल्या महायुद्धात कागदटंचाई म्हणून लगद्यात गेले, आणि १८२१ ते १८५१ चे बहुतेक सगळे ३० जून १९२२ ला यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयांच्या आवारातलं सरकारी दप्तर जळालं तेव्हा गेले. २०२२ मध्ये त्यांनी त्या जळालेल्या दप्तराची इंटरनेटवर पुन्हा जुळवाजुळव करून दाखवली, जगभरातल्या प्रती शोधून. एवढे कष्ट ते का घेतात ते मला मनापासून समजतं.

कारण आमच्या घरी काय आहे? सासरे लालबागला गिरणीत होते, गावाकडे आडनाव वेगळं, मुंबईत मस्टरवर कारकुनाने गावाच्या नावापुढे 'कर' जोडून टाकलं असं घरात सांगतात. पुरावा म्हणाल तर पत्र्याच्या पेटीत एक पगाराची पावती, तिच्यावर तिकीट नंबर आणि अर्धवट पुसलेलं नाव, आणि मिस्टरांच्या शाळेच्या दाखल्यावर त्याच आडनावाचं तिसरंच रूप. लालबाग-परळमध्ये हे घरोघरी आहे, गिरणी कामगारांच्या वारसांना विचारा घराच्या अर्जासाठी एकेका कागदामागे किती फिरावं लागलं ते. कुणबी नोंदींसाठी २०२३ मध्ये मोडीतली जुनी दप्तरं बाहेर काढावी लागली तेव्हाही कळलंच की कागद टिकला तरच माणूस सापडतो.

आपल्याकडे १८८१ पासून दर दहा वर्षांनी जनगणना होत आली, २०२१ ची तेवढी राहिली. आकड्यांचे जाडजूड खंड निघाले पण घराघरातला फॉर्म कुणाच्या नातवंडा-पतवंडांना बघायला मिळाला नाही. १९४८ च्या जनगणना कायद्याचं पंधरावं कलमच सांगतं की या नोंदी कुणाला पाहता येणार नाहीत. आजच्या माणसासाठी ते बरोबरच आहे, आडनाव विचारून माणूस जोखणारे आपल्याकडे पदोपदी भेटतात, कित्येकांनी त्यापायी आडनाव बदललं, त्यांची माहिती उघडी पडताच कामा नये. पण कायमची बंद कशाला? आयर्लंडने १९२६ च्या जनगणनेला शंभर वर्षांचं कुलूप लावलं. भरणारा माणूस हयात असेपर्यंत कुणाला काही कळत नाही आणि पुढच्यांना मात्र आपलं घर सापडतं.

१ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख असलेली आपली जनगणना पहिल्यांदाच डिजिटल होणार आहे, प्रगणक मोबाईलवर नोंदी घेणार. कागदाच्या गठ्ठ्यांना गोदाम नाही ही सबब यावेळी चालणार नाही. माझी मागणी एवढीच, की घराघरातल्या मूळ नोंदी आकडे काढून झाल्यावर पुसू नयेत, राष्ट्रीय अभिलेखागारात सीलबंद ठेवाव्यात, महाराष्ट्राची एक प्रत काळा घोड्याजवळच्या आपल्या राज्य पुराभिलेखागारात असावी, आणि पंधराव्या कलमात शंभर वर्षांनंतर खुल्या करण्याची तरतूद करावी. कायदा बदलायचा तर संसदेतच बदलणार, तेव्हा मुंबईच्या सहाही खासदारांना आपल्या पेपरने हा प्रश्न जरूर विचारावा, आणि त्यांची उत्तरं छापावीत.

आपली नियमित वाचक,
लालबाग, मुंबई